संगणकाचा सांधेवाला

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यांत हिंगणघाट तालुक्यांतील एका खेड्याहून एक पालक आम्हांकडे आले. त्यांच्या कांखेंत दुपट्ट्यांत गुंडाळलेला एक जुना लॅपटॉप होता, आणि त्यांच्या मागून, मान खालीं घालून, नववींत शिकणारा त्यांचा मुलगा येत होता. “गुरुजी, पोरानं चार वर्षांचं सारं घालवलं,” एवढेंच ते गृहस्थ बोलले व बांकावर बसले.

हकीकत थोडक्यांत अशी. त्या लॅपटॉपमध्यें विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली शेजारीं शेजारीं नांदत होत्या. लिनक्स मुलाच्या मामेभावानें घालून दिलेली. विंडोज वडिलांच्या वापराची, कारण कापूस व सोयाबीन यांचा हिशेब, बाजार समितीच्या पावत्या, सातबाऱ्याच्या नकला असें सारें तिच्या हिश्श्यांत ठेवलेलें होतें. शिवाय तेथेंच त्यांच्या मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेविलेल्या होत्या, आणि त्या मातोश्री गेल्या आषाढांत निवर्तल्या. मुलास अभ्यासाच्या चित्रफितींसाठीं जागा कमी पडूं लागली. तेव्हां त्यानें विंडोजमध्यें राहूनच लिनक्सचा हिस्सा पुसून टाकिला व तेवढी जागा मोकळी करून घेतली. त्या रात्रीं सर्व ठीक चाललें. दुसरे दिवशीं सकाळीं संगणक सुरू केला, तों काळ्या पडद्यावर इंग्रजींतील दोन ओळी उमटल्या आणि पुढें कांहीं होईना. गांवाजवळच्या एका दुरुस्तीवाल्यानें तो पाहून ‘डिस्क गेली, सर्व पुसून नवें घालावें लागेल’ असा निकाल दिला. मुलगा दोन दिवस धड जेवला नव्हता.

पडद्यावरील शब्द वाचून आम्हांस मात्र हायसें वाटलें. पहिल्या ओळीचा अर्थ ‘असा विभाग सांपडत नाहीं’ एवढाच होता, आणि तिच्या खालीं ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द लिहून एक खूण लुकलुकत होती. ज्याची डिस्क खरोखर मेली आहे असा संगणक इतकें बोलत नाहीं. आम्हीं कळफलकावर इंग्रजी ‘एल’ व ‘एस’ हीं दोन अक्षरें उमटवून एंटरची कळ दाबली. लागलीच पडद्यावर डिस्कचें नांव आलें, व तिच्यापुढें तिच्या शिल्लक हिश्श्यांचीं नांवें क्रमानें आलीं. “हें पाहा,” आम्ही त्या गृहस्थांस म्हणालों, “डिस्क जिवंत आहे, आणि तिला आपले हिस्से ठाऊक आहेत. गेला आहे तो केवळ वाट दाखविणारा.” हा वाट दाखविणारा कोण, तो मध्येंच कां उभा असतो, आणि त्यास दूर करून किंवा वगळून संगणक कसा चालवावा, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

संगणकाची कळ दाबली म्हणजे एक विलक्षण पेच उभा राहतो. संगणकास जें कांहीं करावयाचें तें स्मृतींत असलेल्या आज्ञांच्या आधारें करावयाचें. परंतु त्याची कामाची स्मृति वीज जातांच रिकामी होते. डिस्कवरून आज्ञा वाचून आणाव्या असें म्हणावें, तर डिस्क कशी वाचावी हें सांगणाऱ्या आज्ञा तरी आधीं स्मृतींत पाहिजेत. आमचे नैयायिक पंडित दृष्टांत देत असत कीं, नटाचा पोर कितीहि चपळ असला तरी त्यास स्वतःच्याच खांद्यावर चढतां येत नाहीं. इंग्रजींत हीच कल्पना बुटाच्या पट्ट्यावरून सांगतात: स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःस वर उचलणें. त्या पट्ट्यास ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात, आणि संगणक सुरू होण्याच्या क्रियेस ‘बूट’ हें नांव त्यावरूनच पडलें. पादत्राणाचा व संगणकाचा संबंध एवढाच.

हा पेच सोडविण्यासाठीं संगणकाच्या मुख्य फळीवर एक लहानशी चकती बसविलेली असते. तिच्यांतील आज्ञा वीज गेली तरी पुसल्या जात नाहींत. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला घरगुती संगणक बाजारांत आणला, तेव्हांपासून या आज्ञांस ‘बायोस’ म्हणूं लागले. बायोस स्वतः फार थोडें जाणतो. तो स्मृति, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतो, आणि मग डिस्कवरील अगदीं पहिले ५१२ बाइट उचलून स्मृतींत ठेवतो व त्यांच्या स्वाधीन सर्व कारभार करतो. त्यापुढें काय आहे याची त्यास फिकीर नसते.

हे ५१२ बाइट म्हणजे साऱ्या डिस्कचा उंबरठा होय, आणि त्यांची वांटणी नीट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पहिले ४४६ बाइट आज्ञांसाठीं. पुढील ६४ बाइट डिस्कच्या हिश्श्यांच्या नोंदीसाठीं, सोळा सोळा बाइटांच्या चार नोंदी. आणि शेवटचे २ बाइट ही केवळ एक ठरीव खूण, कीं जी पाहून बायोस ही डिस्क सुरू करण्याजोगी आहे असें मानतो. ४४६ बाइट म्हणजे किती थोडे, याची कल्पना अशी करावी. आज संगणकांत मराठी लेखन ज्या रीतीनें सांठवितात तींत देवनागरीच्या एकेका चिन्हास बहुधा ३ बाइट लागतात. म्हणजे काना-मात्रा धरून सुमारें १४८ चिन्हें, या लेखांतील दोन-तीन वाक्यें, एवढ्याच जागेंत तो पहिला कार्यक्रम बसवावा लागतो. इतक्या लहान जागेंत शहाणपण ठेवणार तें किती! म्हणून तो एवढेंच करतो: डिस्कवर ठरलेल्या जागीं ठेवलेला आपला थोरला भाऊ शोधतो व त्यास उठवितो. थोरला भाऊ पुढें आपलें सामान शोधतो, यादी मांडतो, आणि मालकास विचारतो कीं, लिनक्स चालवूं कीं विंडोज? या सर्व मंडळीस मिळून ‘बूटलोडर’ म्हणतात.

आपल्या जिल्ह्यांतील मुलांस याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मुंबईकडून बडनेऱ्यावरून आलेली गाडी वर्धा जंक्शनांत शिरते, तेव्हां तिच्यापुढें दोन वाटा असतात. एक सेवाग्रामवरून नागपुराकडे जाते, दुसरी हिंगणघाटावरून बल्लारपुराकडे. इंजिन कितीहि बलवान् असो, वाट निवडणें त्याच्या हातीं नाहीं. रूळ जिकडे वळविलेले असतील तिकडे तें जाणार. पूर्वी हें काम हातानें खटका ओढून करणारा सांधेवाला असे. बूटलोडर हा संगणकाचा सांधेवाला होय. तो स्वतः गाडी नव्हे, रूळ नव्हे, किंवा पलीकडचें गांवहि नव्हे. सांधेवाला एके दिवशीं कामावर न आला तर गाडी जंक्शनांत अडकून पडेल हें खरें. परंतु म्हणून नागपूर कोसळलें असें कोणी म्हणणार नाहीं. त्या दुरुस्तीवाल्यानें नेमकें तेंच म्हटलें होतें.

लिनक्सच्या संसारांतील सांधेवाल्यांचा इतिहासहि थोडा सांगतों. फिनलंड देशांतील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या गाभ्यास ‘कर्नल’ म्हणतात. आरंभीं पुष्कळ वर्षें ‘लिलो’ नांवाचा बूटलोडर प्रचारांत होता. त्याची स्मरणशक्ति पोस्टमननें घराचा क्रमांक पाठ करावा तशी असे: कर्नल डिस्कवर कोणकोणत्या खणांत आहे तेवढें तो टिपून ठेवी. नवा कर्नल आणून ठेविला आणि लिलोस पुन्हां सांगावयास विसरलें, कीं तो जुन्याच पत्त्यावर जाऊन हात हलवीत परत येई. त्याची वाढ २०१५ च्या अखेरीस थांबली. १९९५ सालीं एरिक बोलिन यानें ज्याचा आरंभ केला तो ‘ग्रब’ याहून शहाणा निघाला. त्यास फाइलींची व्यवस्था वाचतां येते. कर्नल कोठें आहे तें तो नांवावरून शोधतो. परंतु शहाणपणास सामान फार लागतें, आणि ग्रबचें तें सामान कोठें ठेवलेलें असतें? लिनक्सच्या हिश्श्यांत.

येथें त्या मुलाच्या चुकीचा उलगडा होतो. त्यानें लिनक्सचा हिस्सा पुसला, परंतु उंबरठ्यावरचे ४४६ बाइट जसेच्या तसे राहिले, कारण ते कोणत्याच हिश्श्यांत मोडत नाहींत. सकाळीं बायोसनें त्यांस उठविलें, त्यांनीं थोरल्या भावास उठविलें, आणि थोरला भाऊ सामानाची पेटी उघडावयास गेला तों पेटीच नाहीं. मग तो सुटकेच्या अवस्थेंत शिरला. या अवस्थेंत त्यास तीन-चार आज्ञांपलीकडे कांहीं समजत नाहीं; विंडोज शेजारीं धडधाकट असूनहि तिला हांक मारण्याचें साधन हरवलेल्या पेटींत राहिलें.

आतां उपाय. आम्हीं पहिली गोष्ट केली ती दुरुस्तीची नव्हेच. ज्या घरांत आग लागल्याचा संशय आहे त्या घरांतून आधीं माणसें व दप्तरें बाहेर काढावयाचीं. शाळेच्या एका पेनड्राइव्हवर लिनक्स होती. ती डिस्कवर न चढवितां पेनड्राइव्हवरूनच चालवितां येते. लॅपटॉप सुरू होतांना ठरलेली कळ दाबून त्यास पेनड्राइव्हवरून उठविलें, विंडोजचा हिस्सा उघडला, आणि हिशेबाच्या साऱ्या फाइली दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून घेतल्या. ओव्यांची फाइल नीट उतरली कीं नाहीं तें पाहण्यासाठीं मुलानें ती चालविली. म्हातारीचा आवाज खोलींत उमटला तेव्हां ते गृहस्थ उठून खिडकीपाशीं गेले व बराच वेळ बाहेर पाहत उभे राहिले. आम्हीहि कांहीं बोललों नाहीं.

त्यानंतर सांधेवाल्याचें. जुन्या, बायोसवर चालणाऱ्या संगणकांत विंडोजची स्थापना करावयाचा पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडी लावावी, दुरुस्तीचा पर्याय निवडावा, आणि आज्ञा लिहिण्याचा काळा पडदा उघडून ‘बूटरेक’ ही आज्ञा, पुढें जागा सोडून एक तिरपी रेघ व तिला लागून ‘फिक्सएमबीआर’ हा शब्द, इतकें लिहावें. ही आज्ञा उंबरठ्यावरील ग्रबच्या आज्ञा काढून तेथें विंडोजच्या साध्या आज्ञा लिहिते, आणि हिश्श्यांच्या नोंदीचे ६४ बाइट मात्र शिवत नाहीं. विंडोजच्या या साध्या आज्ञा यादी वगैरे मांडीत नाहींत. चार नोंदींपैकीं जिच्यावर ‘चालू’ अशी खूण असेल त्या हिश्श्याकडे त्या सरळ जातात. ती खूण कोणी काढून टाकिली असेल तर ती पुन्हां करावी लागते, एवढेंच पथ्य.

येथें आम्हांस एक कडक सूचना करावयाची आहे. लिनक्समध्यें ‘डीडी’ नांवाची आज्ञा आहे. ती सांगाल तितके बाइट सांगाल तेथें लिहिते व कांहींएक विचारीत नाहीं. बूटलोडर काढावयाचा म्हणून पुष्कळ उतावळे लोक तिच्या साह्यानें पहिल्या ५१२ बाइटांवर शून्यें फिरवितात. ४४६ वर थांबलें तर आज्ञा जातात व नोंदी राहतात. ५१२ पर्यंत गेलें तर नोंदीहि जातात. शेतकऱ्याच्या मुलांस हा भेद पटकन् कळेल. तलाठ्याचें दप्तर जळलें म्हणून शेतांतली माती कोठें जात नाहीं. पण धुरा कोणाचा कोठें लागतो, कोणाचें वावर कोठून सुरू होतें, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. ते ६४ बाइट म्हणजे डिस्कचा सातबारा आहे. हरवल्यास जाणता मनुष्य डिस्क धुंडाळून हिस्से पुन्हां शोधूं शकतो, तरी ती मोजणी फार किचकट असते. आणि मध्यंतरीं कोणी त्यावर नवें कांहीं लिहिलें तर खरोखरच सर्व बुडतें. वरील गृहस्थांनीं दुरुस्तीवाल्याच्या हातीं लॅपटॉप ठेवला नाहीं, हें त्यांचें नशीब म्हणावें.

नव्या संगणकांत मात्र उंबरठ्याची ही सारी व्यवस्था बदलली आहे. बायोसच्या जागीं ‘यूईएफआय’ नांवाची अधिक शिकलेली व्यवस्था आली. तिचे नियम ठरविणारी मंडळी २००५ सालीं स्थापन झाली, आणि २०१२ सालीं विंडोज ८ आल्यावर ती घरोघर पोंचली. तिला डिस्कवरील फाइली वाचतां येतात. म्हणून ४४६ बाइटांची अडचण उरली नाहीं. डिस्कवर एक लहान स्वतंत्र हिस्सा ठेवतात आणि प्रत्येक कार्यप्रणाली आपापला सांधेवाला त्यांत आपल्या नांवाच्या फोल्डरांत आणून ठेवते. शिवाय कोणास आधीं हांक मारावयाची याची यादी मुख्य फळीवरच्या स्मृतींत लिहिलेली असते. अशा संगणकांतून लिनक्सचा हिस्सा पुसला तरी सुटका सोपी आहे. संगणक सुरू होतांच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीनें जी कळ ठरविली असेल ती दाबावी. एक यादी उघडते, तींत ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडावा. ग्रबला वगळून विंडोज सरळ सुरू होते. मग सवडीनें यादींतील लिनक्सची नोंद व त्या लहान हिश्श्यांतील तिचें फोल्डर काढून टाकावें. फोल्डर काढतांना शेजारचें मायक्रोसॉफ्टचें फोल्डर काढलें गेल्यास आगींतून फुपाट्यांत पडाल, हें सांगणें नलगे.

आणखी एक गोष्ट पालकांनीं आधींच जाणून घ्यावी. नव्या विंडोजच्या पुष्कळ यंत्रांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असतो. त्या कुलपाचें नांव ‘बिटलॉकर’. संगणक उठण्याची वाट बदलली असें दिसतांच हें कुलूप कधीं कधीं ४८ अंकांची किल्ली मागतें. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ठेवलेली असते. ती आधीं कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बूटलोडरच्या वाटेस जाऊं नये. दुरुस्तीवाल्यांच्या चुका निस्तरतां येतात. या किल्लीविना जगांतला कोणीहि शहाणा डिस्क उघडूं शकत नाहीं.

इतका वेळ आम्ही लिनक्स काढावयाची व विंडोज ठेवावयाची गोष्ट सांगितली. उलट प्रकारहि आतां वाढूं लागला आहे. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा बंद केला, आणि विंडोज ११ ला जी सुरक्षेची चकती लागते ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाहीं. अशीं यंत्रें अडगळींत न टाकतां त्यांवर केवळ लिनक्स घालण्याचा मार्ग मोकळा आहे. पुणें येथें १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें २००७ पासून ‘बॉस’ नांवाची भारतीय लिनक्स काढली आहे, व तींत मराठीचीहि सोय आहे. यंत्रावर एकच कार्यप्रणाली उरली म्हणजे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो: आतां वाट एकच आहे, तर सांधेवाल्याचें काम काय? पुलगावाहून आर्वीस पूर्वी जी अरुंद रुळांची गाडी जात असे, तिला वाटेंत नागपूर कीं बल्लारपूर असा प्रश्न पडत नसे.

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचें उत्तरहि लिनक्सच्या कर्त्यांनीं दिलें आहे. २०१२ सालीं निघालेल्या ३.३ या आवृत्तीपासून कर्नलमध्यें असा एक तुकडा घालतां येतो कीं, त्यामुळें कर्नलची फाइलच यूईएफआयच्या दृष्टीनें चालविण्याजोगा कार्यक्रम ठरते. कर्नल व त्याच्या सोबतची आरंभींची फाइल त्या लहान हिश्श्यांत ठेवावयाची, मग ‘ईएफआय बूट मॅनेजर’ नांवाच्या आज्ञेनें मुख्य फळीवरील यादींत त्याची नोंद करावयाची, आणि लिनक्सचा मुख्य हिस्सा कोणता तें त्या नोंदींतच लिहावयाचें. झालें, ग्रबचा मधला मुक्काम टळला. यूईएफआय सरळ कर्नलास उठवितो. लहानशा रास्पबेरी पाय संगणकांत तर नेहमींच असें चालतें. तेथें यंत्राच्या आपल्या आज्ञाच कर्नल उचलून आणतात आणि ग्रब औषधालाहि नसतो.

परंतु आमचें मत विचाराल तर घरच्या एकुलत्या एक संगणकावर हा प्रयोग करूं नये. कारणें अनुभवाचीं आहेत. कर्नलची नवी आवृत्ति वरचेवर येते, आणि दर वेळीं ती फाइल लहान हिश्श्यांत आणून ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर पडते. ती चुकली कीं लिलोचा जुनाच घोटाळा नव्यानें सुरू. तो लहान हिस्सा विंडोजनें केलेला असेल तर बहुधा १०० मेगाबाइटांचाच असतो, त्यांत कर्नल व त्याचें सामान मावणें कठीण. कांहीं कंपन्यांची यंत्रें नोंदींतील पुढचा मजकूर वाचीतच नाहींत. आणखी ‘सिक्युअर बूट’ नांवाचा पहारा चालू असेल तर विश्वासूंच्या सहीवांचून तो कोणासहि आंत सोडीत नाहीं. सर्वसाधारण लिनक्समध्यें यासाठीं मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नांवाचा एक छोटा कार्यक्रम पुढें असतो, तो ग्रबची सही पाहतो, आणि ग्रबमार्फत कर्नलची सही पाहिली जाते. मधल्या दोघांस वगळून कर्नल एकटाच दारांत गेला तर पहारेकरी त्यास ओळखत नाहीं. मग पहारा तरी बंद करावा किंवा स्वतःची किल्ली यंत्रांत नोंदवावी. दोन्हीं कामें नवशिक्याचीं नव्हेत. शेवटीं, नवा कर्नल बिघडला तर ग्रबच्या यादींतून जुना निवडतां येतो. सांधेवाल्यास घरीं बसविलें कीं ही सोय गेली.

ज्यांस केवळ ग्रबच्या यादीपाशीं दहा सेकंद थांबण्याचा कंटाळा आहे, त्यांनीं त्यास काढण्याचा खटाटोप न करितां त्याचा थांबा कमी करावा. लिनक्सच्या ‘ईटीसी’ फोल्डरांत ‘डिफॉल्ट’ नांवाचें फोल्डर आहे, त्यांत ‘ग्रब’ नांवाची फाइल आहे. तींत ‘ग्रब टाइमआउट’ या ओळीपुढें जो आंकडा असेल त्याऐवजीं शून्य लिहावें, आणि उबुंटू, डेबियन किंवा बॉस असेल तर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. शून्याच्या ऐवजीं एक किंवा दोन लिहिलें तर अधिक चांगलें, कारण अडचणीच्या वेळीं यादी थांबविण्यास तेवढी सवड मिळते. आमच्या शाळेंतील यंत्रांवर आम्हीं दोन ठेविले आहेत.

वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरांत जी शिक्षण परिषद भरली, तींत मुलांनीं हातानें काम करीत शिकावें असा विचार मांडला गेला. तेव्हां समोर टकळी व चरखा होते. संगणक उघडून पाहणारा मुलगा आम्हांस त्याच जातीचा वाटतो, मग त्याच्या हातून एखादें सूत तुटो. म्हणून त्या दिवशीं दुरुस्तीची आज्ञा आम्हीं स्वतः लिहिली नाहीं. मुलास खुर्चीवर बसविलें, ४४६, ६४ व २ हे आंकडे त्याच्याकडून वहीवर लिहवून घेतले, कोणते पुसले जाणार व कोणते राहणार तें त्याच्याच तोंडून वडिलांस सांगविलें, आणि मग आज्ञा लिहावयास सांगितलें. त्यानें एकेक अक्षर तपासून लिहिलें व एंटर दाबण्यापूर्वीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हां सुरू केलें, तों काळा पडदा क्षणभर राहिला आणि मग विंडोजची ओळखीची निळी खिडकी उमटली. हिशेबाचा कागद जागच्या जागीं होता, शेवटची नोंद वेंचणीच्या मजुरीची.

निघतांना मुलानें भीत भीत विचारलें कीं, लिनक्स पुन्हां घालावयाची झाल्यास हा सांधेवाला आपोआप येतो काय? येतो, आम्ही म्हणालों. लिनक्स घालणारा कार्यक्रमच त्यास पुन्हां उंबरठ्यावर बसवितो, आणि विंडोजचें नांव त्याच्या यादींत लिहून देतो. वडील दुपट्ट्याची गांठ मारीत होते. ते म्हणाले, “टाकू द्या त्याला, गुरुजी. पण आधी तो हिसोब दुसरीकडे उतरवून घ्यायचा, अन् टाकायचं ते माझ्यासमोर.” आम्हीं शाळेचा पेनड्राइव्ह पंधरा दिवसांच्या बोलीनें मुलाच्या नांवावर लिहून दिला.